"इथंच तर जायलोय!" : रस्ता, सायकल आणि मेंदूची इजा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी लातूर जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. डोक्याला मार लागलेला माणूस माझ्याकडे येतो तोवर ऑपरेशन झालेलं असतं, टाके निघालेले असतात, भेटायला येणाऱ्यांची रीघ आटलेली असते. मग आम्ही दोघं मिळून चमचा तोंडापर्यंत न्यायचा सराव करतो. कधी तेवढ्यालाच दीड महिना जातो.

पेशंटच्या घरच्यांनी, शाळांतल्या पालकांनी आणि पारावरच्या मंडळींनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथं एकत्र केले आहेत. अपघात कसा झाला असं विचारलं की जवळजवळ प्रत्येक घरातून एक वाक्य ऐकू येतं, "इथंच तर जायला होता." म्हणून सुरुवात तिथूनच करते.

गावातून शेतात जायचं असतं. गाडी तीसच्या वर जात नाही. एवढ्याला हेल्मेट कशाला?

डोकं फुटायला वेग लागतोच असं नाही, उंचीही पुरते. दीड मीटरवरून डोकं थेट डांबरावर आदळलं तर आदळताना त्याचा वेग ताशी १९-२० किलोमीटर असतो. गाडी उभी असली तरी हे गणित बदलत नाही. त्यात गाडीचा वेग आला की मार आणखी वाढतो, आणि वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते.

माझा एक पेशंट रात्री अकराला थ्री फेज लाईट आली म्हणून विहिरीवर मोटार चालू करायला निघाला होता. घरापासून शेत दीड किलोमीटर. रस्ता रोजचा, खड्डे तोंडपाठ. पण त्याच दिवशी कुणीतरी पाईपलाईनसाठी रस्त्यात चर खणली होती आणि ती नीट बुजवली नव्हती. पुढचं चाक चरीत गेलं, तो हँडलवरून पुढं फेकला गेला. वेग पंचवीस-तीसचाच असेल. त्याला पुन्हा आधाराशिवाय उभं राहायला सात महिने लागले.

ओळखीच्या रस्त्यावर आपण रस्ता बघतच नाही, आठवणीवर गाडी चालवतो. जवळच्या फेरीचा खरा धोका हाच आहे.

कवटी फुटली नाही, रक्तही आलं नाही. मग मेंदूला इजा झाली असं डॉक्टर कसं म्हणतात?

मेंदू खरवसासारखा मऊ असतो. मोठ्या माणसाचा साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅम. कवटीच्या आत पाण्यासारखा द्रव असतो आणि त्यात तो तरंगत असतो. चालता-धावताना बसणारे रोजचे धक्के हा द्रव झेलतो. पण डोकं जोरात आदळून एकदम थांबलं की कवटी थांबते आणि मेंदू पुढं जात राहतो. तो कवटीच्या आतल्या भिंतीवर आपटतो, कधी उलट फिरून समोरच्या बाजूलाही आपटतो. म्हणून मार मागं लागलेला असतो आणि सूज कपाळाकडं दिसते.

डोकं गर्रकन फिरलं असेल तर प्रकरण आणखी वाईट. मेंदूच्या आतल्या बारीक तंतूंना पीळ बसून ते जागोजागी तुटतात. ही इजा बाहेरून दिसत नाही, आणि पहिल्या सीटी स्कॅनमध्येही कधी कधी नीट दिसत नाही.

हाड तुटलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरून येते. मेंदूच्या मेलेल्या पेशी मात्र परत तयार होत नाहीत. शेजारच्या पेशी त्यांचं काम थोडंफार उचलतात. माझं सगळं काम त्या 'थोडंफार'वर चालतं.

मग हेल्मेट नेमकं करतं काय?

बाहेरचं कडक कवच टोकदार दगड, खिळा, हँडल यांना आत घुसू देत नाही आणि मार एका जागी न बसता पसरतो. खरं काम आतल्या थर्मोकोलसारख्या जाड थराचं. आदळताना तो चिरडतो. तो चिरडायला जो क्षणाचा काही भाग जातो, तेवढा वेळ डोक्याला थांबायला जास्त मिळतो. मेंदू वाचतो तो त्या वाढीव वेळेमुळे.

मोटारसायकलच्या अपघातांवर झालेले अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर असं दिसलं की हेल्मेटमुळे मरणाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला मार लागण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. पूर्ण संरक्षण कशानंच मिळत नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. २०२२ साली आपल्या देशात हेल्मेट न घालता दुचाकीच्या अपघातात गेलेल्यांची संख्या सरकारी अहवालात ५०,०२९ आहे. त्यातले १४,३३७ मागं बसलेले होते.

एक गोष्ट लोकांना पटत नाही. एकदा जोरात आदळलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बाद झालेलं असतं. आतला थर एकदाच चिरडतो, परत फुगत नाही. ते धाकट्या भावाला देऊ नका.

कोणतं हेल्मेट घ्यावं? महागातलंच घ्यावं लागतं का?

महागातलं नको, खरं हवं. दुचाकीच्या हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघा. १ जून २०२१ पासून शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला देशात बंदी आहे. तरी रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर मांडलेल्या ढिगात काय काय असतं ते आपण बघतोच. चांगलं हेल्मेट हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळतं. मोबाईलच्या काचेला आपण त्याच्या निम्मे पैसे घालवतो.

दुकानात डोक्यावर घालून बघितल्याशिवाय घेऊ नका. पट्टा लावा आणि दोन्ही हातांनी हेल्मेट डावी-उजवीकडं फिरवा. कपाळाची आणि गालाची कातडी सोबत सरकली पाहिजे. हेल्मेट एकटंच फिरत असेल तर मोठं आहे. मग मागून धरून पुढं ढकला, निघून आलं तर तेही नको. नवं हेल्मेट गालाला जरा घट्टच लागतं, महिनाभरात आतलं कापड बसतं.

बांधकामावरची पिवळी प्लॅस्टिकची टोपी घालून गाडी चालवणारे मला रोज दिसतात. ती टोपी वरून वीट पडली तर कामाची. गाडीवरून पडताना ती डोक्याच्या आधी जमिनीवर पोचते. आणि पट्टा न लावलेलं चांगलं हेल्मेटही तसंच.

एप्रिल-मे महिन्यात पारा बेचाळीसवर असतो. डोकं उकडतं, केस गळतात, मान दुखते, हॉर्न ऐकू येत नाही. काय करावं?

उकडतं, हे खरंच आहे. परभणी-नांदेडच्या उन्हात हेल्मेट नकोसं होतं आणि मी ते नाकारणार नाही. हवा जायला भोकं असलेलं, फिक्या रंगाचं घ्या. आत पातळ सुती रुमाल बांधा, तो रोज धुवा. घाम आणि मळ साचून जे होतं त्याला आपण केस गळणं म्हणतो. जाड टॉवेल, टोपी किंवा फेट्यावर हेल्मेट बसवू नका. ते वर तरंगतं आणि पडताना निसटतं.

मानेचं म्हणाल तर योग्य मापाचं हेल्मेट साधारण एक ते दीड किलोचं असतं. मान दुखते ती बहुतेक वेळा ढिल्या हेल्मेटनं किंवा दिवसभर मोबाईलमध्ये मान घालून बसल्यानं. मानेचा जुना त्रास असेल तर दाखवून घ्या, व्यायाम सांगता येतात.

हॉर्न ऐकू येतो. घालून बघा.

मागं बसणाऱ्याला कशाला? गाडी तर दुसराच चालवतो.

या प्रश्नाला मी माझ्या आत्याचं उत्तर देते.

आत्या भाच्याच्या गाडीवर लग्नाला निघाली होती. एका बाजूला पाय सोडून बसलेली, एका हातात आहेराची पिशवी, दुसरा हात पदरावर. म्हणजे धरायला हात उरलाच नाही. पुढच्या गावाच्या वेशीवर नवा गतिरोधक टाकला होता, त्यावर पांढरे पट्टे नव्हते. भाच्याला तो दिसला तेव्हा चाक वर चढलं होतं. तो स्वतः हँडलला धरून होता, त्याला काहीच झालं नाही. आत्या मागच्या मागं उलटी पडली आणि डोक्याची मागची बाजू रस्त्यावर आपटली.

ती वाचली, चालते, बोलते. पण तिला वास येत नाही. डोकं मागून आपटलं की कपाळाच्या तळाशी असलेले वासाचे नाजूक तंतू तुटू शकतात, तसं झालं. फोडणी जळलेली तिला धूर दिसल्यावर कळते. दूध उतू गेलं, गॅस चालू राहिला, नातवाची लंगोट बदलायची आहे, काही कळत नाही. पहिल्या पावसाचा मातीचा वास ती दर जूनमध्ये मला विचारते, "आला का गं?"

मागं बसणाऱ्याला पुढचा खड्डा दिसत नाही, त्यामुळे अंग सावरायला वेळ मिळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नं चालवणारा आणि मागं बसणारा दोघांनाही हेल्मेट सक्तीचं केलं आहे, चार वर्षांवरच्या मुलांनाही. नाही घातलं तर दंड तर आहेच, चालवणाऱ्याचा परवाना तीन महिने अपात्र ठरू शकतो. पगडी घालणाऱ्या शिखांना सूट आहे, नांदेडमध्ये हा प्रश्न हमखास येतो.

बायांनी शक्यतो दोन्हीकडं पाय टाकून बसावं. आजकाल खेड्यातल्या मुली ड्रेसवर तशाच बसतात आणि कुणी काही म्हणत नाही. साडी असेल आणि जमत नसेल तर पिशवी दोघांच्या मध्ये ठेवा, एक हात गाडीच्या कडीला पक्का, पदर कमरेला खोचलेला. ओढणी गळ्यातून काढून पुढं गाठ मारून बांधा. चाकात ओढणी गेली की माणूस मानेनं मागं ओढला जातो.

लहान लेकराला टाकीवर बसवलं तर चालतं का?

नाही. अचानक ब्रेक लागला की लेकरू हँडलवर जातं आणि मागून मोठ्या माणसाचं वजन त्याच्यावर येतं. चार वर्षांखालच्या मुलासाठी २०२२ साली नियम आला आहे. त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांवरचं असेल तर त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि गाडी ताशी ४० च्या वर न्यायची नाही. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला एसटीनं न्या.

सायकलला हेल्मेट कायद्यानं लागत नाही. मग शाळेच्या पोरींना कशाला सांगता?

कायदा नाही हे बरोबर. पण सायकलवरून पडलेलं डोकंही त्याच दीड मीटरवरून पडतं. सायकलचं हेल्मेट घातलं तर डोक्याला मार बसायचा धोका निम्म्याच्या आसपास कमी होतो, असं अभ्यास सांगतात.

मराठवाड्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात, आणि त्या सायकलींनी हजारो मुलींचं शिक्षण वाचवलं आहे. वाडी-तांड्यावरून तीन-चार किलोमीटर सायकल मारत येणारा निळ्या-पांढऱ्या गणवेशातला घोळका बघितला की माझा दिवस चांगला जातो. म्हणूनच त्या सायकलींची काळजी जास्त वाटते. मी ज्या ज्या शाळेत गेले तिथं आधी सायकली बघितल्या. मागचा ब्रेक घासून संपलेला, घंटी तुटलेली, मागचा लाल रिफ्लेक्टर गायब, सीट इतकं उंच की थांबताना पाय टेकत नाही. हे सगळं गावातल्या पंक्चरवाल्याकडं शंभर-दोनशे रुपयांत होतं.

दप्तर हँडलला लटकवू नका. चाकाच्या आरीत त्याचा पट्टा गेला की सायकल जागच्या जागी थांबते आणि मुलगी पुढं उडते. दप्तर पाठीवर किंवा मागच्या कॅरिअरवर दोरीनं घट्ट बांधा. एका ओळीत सायकली चालवा. तिघीचौघी बरोबरीनं गप्पा मारत येतात, ते छान दिसतं, पण मागून ट्रक आला की सगळ्यांत बाहेरची मुलगी रस्त्याच्या मधोमध असते. चालताना समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून उजव्या बाजूनं चालतात, तो नियम सायकलला लागू नाही. सायकल डावीकडूनच. उलट्या बाजूनं आलेली सायकल वळणावरच्या गाडीवाल्याला अपेक्षितच नसते.

आपल्याकडं आणखी एक अडचण आहे, साईडपट्टी. काळ्या मातीत रस्त्याची कड खचते आणि डांबर व माती यांच्यात वीतभर पायरी तयार होते. मागून हॉर्न वाजला की पोरी दचकून खाली उतरतात आणि तिथंच पडतात. मी त्यांना सांगते, हॉर्नला घाबरून एकदम खाली उतरायचं नाही. सरळ सायकल चालवत राहा, मागच्याला थांबू दे. उतरायचंच असेल तर वेग कमी करून, पाय टेकून उतरा.

हेल्मेट कसं बसवायचं? भुवयांच्या वर दोन बोटं, त्याहून वर नाही. मागं कलंडलेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं. दोन्ही कानांखाली पट्ट्यांचा इंग्रजी 'व्ही' झाला पाहिजे आणि हनुवटीखाली जेमतेम एक बोट गेलं पाहिजे. वेणी खाली बांधा, वर अंबाडा असेल तर हेल्मेट बसत नाही.

शाळेत एकटीच मुलगी हेल्मेट घालून आली तर तिला चिडवतात आणि ती दुसऱ्या दिवशी घालत नाही. पूर्ण वर्गानं एकदम सुरू केलं तरच टिकतं. लग्नात, वाढदिवसाला, दहावीच्या सत्कारात शाल-नारळाऐवजी हेल्मेट द्यायला माझी काही हरकत नाही!

ऊसाच्या हंगामात रात्री फार अपघात होतात. त्यावर काय उपाय?

दिवाळीच्या सुमाराला साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की मार्चपर्यंत लातूर, धाराशिव, बीड, परभणीचे रस्ते ट्रॅक्टरांचे होतात. एकामागं एक दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला. पंक्चर झाली की ट्रॉली तिथंच रस्त्यावर, मागं दोन दगड. समोरून येणाऱ्या गाडीचा अप्पर, म्हणजे वर मारलेला झगझगीत दिवा, डोळ्यांवर असतो, तेव्हा ही काळी ट्रॉली पाच-सात मीटरवर आल्याशिवाय दिसत नाही. ताशी ६० नं जाणारी मोटारसायकल एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. ब्रेककडं पाय जायलाच तेवढा वेळ लागतो.

अशा वेळी हेल्मेटवरही सगळी भिस्त ठेवता येत नाही, कारण उसाच्या टोकांची धडक छाती आणि तोंडावर बसते. अंधारात वेग चाळीसच्या आत ठेवा. समोरून अप्पर आला की वेग आणखी कमी करा आणि डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेकडं बघा. आपल्या दिव्याच्या टप्प्यात थांबता आलं पाहिजे, हा एवढाच हिशेब.

ट्रॉलीवाल्या भावांना माझी हात जोडून विनंती आहे. लाल-पिवळी चकाकणारी पट्टी मीटरवर मिळते. ट्रॉलीच्या मागच्या फळीला आणि दोन्ही बाजूंना लावा, मातीनं माखली की फडक्यानं पुसा. बैलगाडीवाल्यांनीही मागच्या बाजूला आणि बैलांच्या शिंगांना लावावी. तुम्हीही आपलीच माणसं आहात, रात्री दोन वाजता कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लावून उभं राहणं काय असतं हे मला माहीत आहे. झोप अनावर झाली तर ट्रॉली रस्त्याच्या पूर्ण खाली घ्या.

असंच रस्त्यावरच्या राशीचं. सोयाबीन, तूर वाळवायला आणि मळायला डांबरी रस्ता सोपा पडतो. पण वाळलेल्या काडावर ब्रेक मारला की चाक साबणावर घसरावं तसं घसरतं, आणि राशीच्या कडेला ठेवलेले दगड रात्री तसेच राहतात. रास उचलली की दगडही उचला. पहाटे आणि संध्याकाळी रोही (नीलगायी) आणि रानडुकरं आडवी येतात. एक रोही गेला की मागून दुसरा येतो, पहिला गेल्यावर लगेच ॲक्सिलेटर पिळू नका.

वारीला, तुळजापूरला पायी जाणाऱ्यांनी काय काळजी घ्यावी?

दिंडीच्या पुढच्या आणि मागच्या माणसाकडं लुकलुकणारा दिवा द्या आणि पाठीवर चकाकणारी पट्टी. कोजागरीच्या सुमाराला तुळजापूरच्या रस्त्यांवर रात्रभर माणसं चालतात. गडद कपड्यांतली चालती माणसं गाडीवाल्याला फार उशिरा दिसतात.

मुलगा सोळा वर्षांचा आहे, गाडी छान चालवतो. कॉलेजला लांब जावं लागतं. देऊ का?

नको. तो चालवतो छान, पण धोका ओळखायला जो अनुभव लागतो तो हातात येत नाही, वर्षांनी येतो. कायद्याचं सांगायचं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचवीस वर्षं वयापर्यंत परवाना मिळत नाही. एसटीचा पास काढून द्या.

चारचाकीत मागच्या सीटवर बेल्ट खरंच लागतो का?

लागतो, आणि नियमानंही बंधनकारक आहे. ३ जून २०१४ ला गोपीनाथ मुंडे दिल्लीत गाडीच्या मागच्या सीटवर बसलेले असताना झालेल्या अपघातात गेले. त्या दिवशी बीड जिल्ह्यात चुली पेटल्या नव्हत्या, हे आमच्या पिढीला आठवतं. तरीही आज परळी-अंबाजोगाई रस्त्यावर मागं बेल्ट लावलेला माणूस शोधावा लागतो. धडकेत मागचा माणूस पुढच्या सीटवर किंवा छतावर आदळतो, पुढच्यालाही चिरडतो. समृद्धी महामार्गावर तर बेल्टशिवाय गाडीत बसूच नका. तिथला सरळ रस्ता आणि वेग दोन्ही झोप आणतात.

दोन घोट घेतले तर एवढं काय होतं?

ब्रेक लावायला उशीर होतो, तोल जातो, आणि पडताना हात पुढं करून डोकं वाचवायची जी उपजत हालचाल असते ती होत नाही. दवाखान्यात आल्यावर माणूस दारूनं गुंगला आहे की मेंदूतल्या रक्तस्रावानं, हे ओळखणंही अवघड होतं. पिऊन आहे, झोपू द्या, म्हणून घरी ठेवलेली माणसं सकाळी उठत नाहीत.

रस्त्यात अपघात दिसला. हात लावला तर पोलिसांचं झंझट मागं लागेल का?

लागणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिलं, आणि २०१९ ला कायद्यात कलम १३४-अ आलं. तुम्ही नाव सांगितलं नाही तरी चालतं, साक्षीदार व्हायचं की नाही हे तुमच्या मर्जीवर आहे, दवाखाना तुमच्याकडून पैसे मागू शकत नाही.

आधी तुमची गाडी बाजूला लावून दिवे लुकलुकत ठेवा, नाहीतर दुसरा अपघात होतो. मग १०८ ला फोन. पोलीस हवे असतील तर ११२. किलोमीटरचा दगड, जवळचा धाबा, फाटा असं नेमकं ठिकाण सांगा.

माणूस बेशुद्ध असेल तर मानेला धक्का न देता, डोकं आणि धड एका रेषेत ठेवून दोन-तीन जणांनी मिळून कुशीवर वळवा, म्हणजे उलटी आणि रक्त घशात न जाता बाहेर येईल. श्वास चालू आहे का बघत राहा. जखमेतून रक्त येत असेल तर स्वच्छ रुमालानं दाबून धरा. हळद, चुना, पेट्रोल काही लावायचं नाही. पाणी पाजायचं नाही, हे सांगून सांगून माझा घसा सुकला. बेशुद्ध माणसाला पाजलेलं पाणी फुप्फुसात जातं. फिट आली तर कांदा, चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा आणि फिट थांबू द्या. बसवून, हलवून, "नाव सांग, नाव सांग" करू नका.

हेल्मेट काढायची घाई नको. श्वासच अडकला असेल तरच, एकानं मान दोन्ही हातांनी घट्ट धरायची आणि दुसऱ्यानं पट्टा सोडून हळूहळू ओढायचं.

गाडीची वाट बघणं शक्यच नसेल तर टेम्पोत, पिकअपमध्ये आडवं ठेवून न्या. दोघांच्या मध्ये मोटारसायकलवर बसवून मुळीच नको, मान लटकते.

पैशाचं म्हणाल तर मे २०२५ मध्ये केंद्र सरकारनं रस्ते अपघातातल्या जखमींसाठी रोकडरहित उपचारांची योजना लागू केली आहे. ठरवून दिलेल्या दवाखान्यांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, माणशी दीड लाख रुपयांपर्यंत खर्च त्यात बसतो. दवाखान्यात गेल्या गेल्या विचारा.

पडल्यावर स्वतः उठला, कपडे झटकले, चहा प्याला. मग दवाखान्यात कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त घाबरवतो. कानाच्या वरच्या भागात कवटी पातळ असते आणि तिच्या आतून रक्तवाहिनी जाते. ती फाटली की कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचत जातं. सुरुवातीला माणूस थोडा गुंगतो, मग पूर्ण शुद्धीवर येतो, बोलतो, हसतो. तास-दोन तासांनी, कधी आणखी उशिरा, साचलेलं रक्त मेंदूला दाबू लागतं आणि तो कोसळतो. या मधल्या वेळेत ऑपरेशन झालं तर माणूस अगदी पूर्ववत बरा होऊ शकतो. चहा पीत बसलो तर ती वेळ निघून जाते.

वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, न आवरणारी झोप, बडबड किंवा गोंधळ, एका हातापायाची शक्ती कमी, फिट, दोन बाहुल्यांचा आकार वेगळा, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, डोळ्यांभोवती किंवा कानामागं काळंनिळं. यातलं एकही दिसलं तर ज्या दवाखान्यात सीटी स्कॅनची सोय आहे तिथंच थेट जा. आधी गावातल्या डॉक्टरांकडं, मग तालुक्याला, मग जिल्ह्याला अशी तीन ठिकाणं करण्यात रात्र जाते. कोणत्या दवाखान्यात रात्री सीटी होतं ते आजच माहीत करून ठेवा.

साठीच्या पुढचे लोक आणि रक्त पातळ करायची गोळी घेणारे यांच्यात रक्त हळूहळू साचतं. तीन-चार आठवड्यांनी आजोबा बोलताना अडखळू लागले, पाय ओढू लागले, तर 'वयानं झालं' म्हणू नका. मधे कधी पडले होते का ते आठवा.

सीटी नॉर्मल आला, घरी पाठवलं. झोपू द्यावं का?

झोपू द्या, विश्रांती हवीच. पहिली रात्र कुणीतरी जवळ असावं आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल त्याप्रमाणे अधूनमधून उठवून नाव, गाव, दिवस विचारावा. डोकं दुखलं तर डॉक्टरांनी दिलेलीच गोळी. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळीनं रक्तस्राव वाढू शकतो. एक-दोन दिवस मोबाईल, टीव्ही कमी. मग हळूहळू नेहमीची कामं.

बरा झाला, पण स्वभाव बदलला. आधी असा नव्हता.

बायका हे मला दाराआड बोलवून सांगतात. "आधी कधी हात उचलला नव्हता हो यानं." किंवा "दिवसभर नुसता बसून राहतो, सांगितल्याशिवाय आंघोळ करत नाही." कपाळामागचा मेंदू रागाला लगाम घालतो, कामाला सुरुवात करून देतो. तिथं इजा झाली की लगाम सुटतो किंवा माणूस सुरूच होत नाही. हा आळस नाही, माजही नाही, आणि करणी तर नाहीच.

एक पस्तिशीचा शेतकरी माझ्याकडं यायचा. हातापायांत ताकद पूर्ण आली होती. मी विळ्याचं चित्र दाखवलं. त्यानं हातानं कापायची खूण बरोबर केली, कडबा कसा धरायचा तेही दाखवलं, पण शब्द येईना. ओठ हलत राहिले आणि डोळ्यांत पाणी आलं. शब्द आला पाच आठवड्यांनी, घरी, जेवताना, काही विचारलेलं नसताना. त्याच्या बायकोनं रात्री मला फोन करून सांगितलं, "मॅडम, विळा म्हणाला."

अशा घरांनी घाई करू नये. एका वेळी एकच काम सांगा, रोजचा क्रम ठरलेला ठेवा, गोंगाट कमी करा. मारहाणीपर्यंत गोष्ट जात असेल तर लपवू नका. न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांना सांगा, औषधं आहेत. आणि सांभाळणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दिवस तरी माहेरी नाहीतर देवाला जाऊ द्या.

पुन्हा गाडी किंवा सायकल कधी चालवायची?

डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच. पहिला मार पूर्ण भरून यायच्या आत दुसरा बसला तर तो हलका असला तरी मेंदू फार सुजू शकतो. फिट आलेली असेल तर गाडी, विहिरीची कड आणि मळणी यंत्र तिन्हींपासून लांब राहायचं.

ग्रामपंचायतीनं काय करावं?

गतिरोधक. आपल्याकडं अपघात झाला की लोक रातोरात मुरूम-सिमेंटचा उंच वरवंटा घालून मोकळे होतात, आणि तोच पुढच्या बाईला पाडतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापानं गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधे फक्त १० सेंटिमीटर उंच असतो. त्यावर पट्टे आणि आधी पाटी असावी लागते. ग्रामसभेत हा विषय लेखी द्या, बांधकाम विभागाला ठराव पाठवा. पांढरे पट्टे मात्र उद्याच मारता येतात. आत्या पडली त्या गतिरोधकावर त्या गावच्या पोरांनी पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांची शिंगं रंगवून उरलेल्या रंगातून पट्टे मारले. दर पोळ्याला ते पुन्हा मारतात.

हेल्मेट आहे घरात, पण निघताना विसरतंच. काय करू?

दाराजवळ खुंटी ठोका. हेल्मेट तिथं लटकवा आणि गाडीची चावी हेल्मेटच्या आत ठेवा.